हरणाच्या शिंगाने बाणाची टोकं घडवणारा इशी : याही जमातीचा शेवटचा माणूस

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयरोगाने गेला. कॅलिफोर्नियातल्या याही या आदिवासी जमातीचा तो शेवटचा माणूस. दगडाचं बाणाचं टोक कसं घडवायचं, हे आज जगभरचे अभ्यासक जाणतात, त्यात इशीचा वाटा मोठा आहे.

इशी हे त्याचं खरं नाव नव्हे. परक्याला स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. ती त्याने मरेपर्यंत पाळली. मग प्राध्यापक आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत याचा अर्थ फक्त ‘माणूस’.

त्याचा जन्म १८६० च्या आसपासचा. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या वस्त्या उठवल्या, कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसं मिल क्रीक आणि डीअर क्रीकच्या दऱ्यांत दडून राहिली, तीही तब्बल चाळीस वर्षं! १९०८ मध्ये मोजणीवाल्यांची टोळी त्यांच्या लपलेल्या वस्तीवर येऊन धडकली. आत इशीची आजारी म्हातारी आई होती. तिला त्यांनी काही केलं नाही, पण धनुष्यबाण, टोपल्या, पांघरुणं असा सगळा संसार उचलून नेला. आई लवकरच वारली. बाकीचेही गेले आणि इशी एकटा उरला.

२९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी तो उपाशी, खंगलेल्या अवस्थेत सापडला. कोणाला त्याची भाषा कळेना. शेरीफने त्याला कोठडीत ठेवलं. विद्यापीठाचे टी. टी. वॉटरमन जवळच्या जमातीच्या शब्दांची यादी घेऊन आले आणि एकेक शब्द वाचत गेले. खाटेच्या लाकडावर हात ठेवून त्यांनी पाइन झाडाचा शब्द उच्चारला, तेव्हा इशीचा चेहरा खुलला.

पुढची साडेचार वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहिला. तिथे झाडलोटीचं काम करून तो पगार घ्यायचा. रविवारी लोक जमायचे आणि इशी त्यांच्यासमोर बाणाची टोकं घडवायचा.

त्याची पद्धत अशी. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. आधी तिचा मोठा तुकडा फोडून सोयीची कपची काढायची. डाव्या तळहातावर जाड चामडं ठेवून त्यात ती धरायची. मग काठीला बांधलेलं हरणाच्या शिंगाचं टोक कडेवर टेकवून दाबायचं. इथे घाव घालायचा नाही, नुसता दाब द्यायचा. की खालच्या बाजूने बारीक टवका सुटतो. मग कपची उलटायची, दुसरी बाजू. शेवटी दोरा बसावा म्हणून दोन्ही बाजूंना खाचा. साधारण अर्ध्या तासात टोक तयार. शहरात आल्यावर तो बाटलीची काच आणि लोखंडी टोकही वापरू लागला. हत्यार बदललं, हात तोच.

डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून तिरंदाजी शिकले. त्यांनी हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं.

मृतदेहाची चिरफाड त्याच्या लोकांना मान्य नव्हती. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते, त्यांनी पत्र लिहून विरोध केला. तरी शवविच्छेदन झालं, मेंदू काढून ठेवला गेला. पुढे तो मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला, तो खुद्द क्रोबर यांनीच! देहाचं दहन झालं, मेंदू मात्र भांडारात पडून राहिला. कॅलिफोर्नियातल्या आदिवासींनी पाठपुरावा केला, तेव्हा २००० साली तो त्याच्या नातलग जमातींच्या हाती आला. त्यांनी गुप्त जागी त्याचा अंत्यविधी केला.

आपल्याकडे नेवासे आणि इनामगावच्या उत्खननात गारगोटीसारख्या दगडाची बारीक पाती निघाली. ती घडवणाऱ्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. इशीचंही नाही. पण त्याचे हात कसे चालायचे, हे तरी लिहून राहिलं. गावात जुनं कसब जाणणारं एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या शेजारी आजच बसायला हवं.