न्यायासनाबाहेरचा न्याय : महादेव गोविंद रानडे

महादेव गोविंद रानडे समाजसुधारक, अर्थचिंतक आणि मराठ्यांच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून सर्वपरिचित आहेत. तीस वर्षे न्यायदान करणाऱ्या या गृहस्थाचा ओढा मात्र खटला न्यायालयात येण्यापूर्वीच मिटविण्याकडे होता. चरित्रकार या बाजूकडे सहसा ओझरतेच पाहतात.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. आदल्याच वर्षी तेथे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका व्यवसायाने वकील होते. त्यांच्या पुढाकाराने आणि रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात लवाद न्यायालय सुरू झाले. उभय पक्षांनी आपखुशीने यावे, मान्य असलेल्या पंचांपुढे म्हणणे मांडावे आणि त्यांचा निवाडा स्वीकारावा, अशी ही योजना होती. वकिलानेच पक्षकारांना कोर्टाबाहेरची वाट दाखवावी, हे नवल होते खरे.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, तो पक्षकारांनाच समेटाकडे नेतो. ‘सामोपचार’ या शब्दातला ‘साम’ हा राजनीतीतील चार उपायांपैकी पहिला होय. दंडाची पाळी येण्यापूर्वी योजावयाचा उपाय, हा अर्थ त्यात मुळातच आहे.

दख्खनच्या खेड्यांत त्याच सुमारास प्रकरण दंडापर्यंत पोहोचले होते. मुदतीच्या कायद्यानुसार कर्जरोखा ठरावीक वर्षांनंतर निकामी होई. म्हणून सावकार मुदत संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर अंगठा उठवी. दावा लागला तरी तो बहुधा न्यायालयात हजर होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची दप्तरे हिसकावून जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, ही गोष्ट फार बोलकी आहे.

चौकशीअंती १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासावा, असे त्यात ठरले. शिवाय शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सरकारनियुक्त मध्यस्थाकडे जाणे आवश्यक झाले. समेट जमला तर करार लिहून न्यायालयाकडे जाई आणि रीतसर दाखल झाल्यावर त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. न जमल्यास मध्यस्थ तसा दाखला देई व मगच दाव्याची वाट मोकळी होई.

१८८१ मध्ये रानडे यांच्याकडे या कायद्याखालील कामाच्या देखरेखीची जबाबदारी आली. पुणे आणि सातारा भागांत गावोगाव हिंडून ते दुय्यम न्यायाधीशांची, ग्राममुनसफांची आणि या मध्यस्थांची दप्तरे तपासत. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीची वर्णने आहेत. कायद्याचे रानडे समर्थक होते. पण योजनेतील दुबळा सांधा लवकरच उघडा पडला. पुण्याच्या लवादापुढे दोन्ही पक्ष आपण होऊन येत. येथे एका बाजूला हिशेबाची वही होती आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या पेरणीसाठी त्याच सावकाराकडून बियाणे घ्यावयाचे होते. अशा माणसाचा होकार कितपत स्वेच्छेचा मानावा? ऋणको दडपणाखाली करार मान्य करतात, अशी टीका होऊ लागली. ती मला रास्त वाटते. मध्यस्थाची तरतूद पुढे कायद्यातून गेली; हिशेब उकलून पाहण्याचे तत्त्व मात्र राहिले.

स्वतःच्या आयुष्यात समेटाची किंमत रानडे यांनीच मोजली. विधवाविवाहाचा पुरस्कार करूनही १८७३ मध्ये, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. ही तडजोड समर्थनीय नव्हती, कारण तिची झळ त्यांच्यापेक्षा त्या मुलीला अधिक लागणार होती. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकविले. त्याने मूळ प्रश्न मिटत नाही. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य उठले, तेव्हाची गोष्ट निराळी. बहिष्कारामुळे स्नेह्यांच्या घरांत कोंडी झाली, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी दोष दिला, सनातनी तरीही संतुष्ट झाले नाहीत.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकामी झालेली उच्च न्यायालयातील जागा त्यांना मिळाली. दोन वर्षांनी राष्ट्रसभेचे अधिवेशन पुण्यात भरले. राष्ट्रसभेच्या मंडपातच सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता. त्याला या वेळी कडवा विरोध झाला आणि अधिवेशनच उधळते की काय, अशी स्थिती आली. रानडे यांनी हट्ट धरला नाही. मंडपावरचा हक्क त्यांनी सोडला आणि परिषद दुसरीकडे नेली. परिषदेच्या कार्यक्रमातील एकही सुधारणा मात्र त्यांनी वगळली नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर परिषदेचे काम ते पाहत होते.