झरीचा ठराव आणि गोदावरीबाई

डहाणूच्या बाजूने एके काळी मुंबईच्या तबेल्यांस गवत जात असे आणि वखारींस इमारती लाकूड. त्या गवताचा भाव, वजन, रेल्वेचे भाडे हे सारे व्यापाऱ्यांच्या वह्यांतून चोख मांडलेले असे. ज्याच्या विळ्याने ते गवत कापले जाई, त्या वारल्याचे नाव मात्र दुसऱ्याच एका वहीत, कर्जाच्या खात्यावर, सापडे. ते खाते ज्यांनी बंद पाडले त्या वारल्यांचा, आणि त्यांच्या सोबतीस उभ्या राहिलेल्या गोदावरीबाई परुळेकर यांचा वृत्तान्त आमच्या शहरवस्तीस आज फारसा ठाऊक नाही. डहाणूच्या पेठेत तरी तो ठाऊक असावयास हवा होता.

बाई मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. जन्म १९०७ चा. वडील नामांकित वकील, आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याच घराण्यातले. बाईंनी कायद्याची पदवी घेतली; महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री कायदा-पदवीधर असा त्यांचा लौकिक आहे. १९३२ च्या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करल्यावर घरचे छत्र सुटले आणि त्या मुंबईस भारत सेवक समाजात दाखल झाल्या. प्रौढ साक्षरतेची मोहीम आणि घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संघटना ही त्यांची तेथली कामे. तेथेच शामराव परुळेकरांची गाठ पडली. शामराव १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात निवडून आले होते, आणि जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा जो मोर्चा कायदेमंडळावर गेला, त्याच्या पुढाऱ्यांपैकी ते एक होते. १९३९ साली उभयतांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी दोघे कम्युनिस्ट पक्षात गेली. त्या पक्षाची सर्वच मते आमच्या वाचकांस मान्य होतील असे नाही. पण जंगलपट्टीत त्यांनी जे केले त्याचे मोल पक्षाचे नाव पाहून ठरविणे हा न्याय नव्हे.

तेथील स्थिती अशी होती. जमीन एकेकाळी वारल्यांची, पण खतपत्रांच्या व कर्जाच्या मार्गाने ती जमीनदार-सावकारांकडे गेलेली. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की खावटीचे भात उसने आणावयाचे आणि सुगीस ते दिढीने फेडावयाचे. त्यातून उरले ते खंडात जाई. धन्याच्या खाजगी शेतावर वेठ, म्हणजे विनामोबदला राबणे, हे तर नित्याचेच. याहून वाईट प्रकार लग्नगडीचा. लग्नाच्या खर्चासाठी शेदोनशे रुपये काढणारा तरुण ते फिटेपर्यंत धन्याच्या घरी राबावयाचा, आणि त्याची नवी नवरीही त्याच्याबरोबर. ते फिटत नसत. त्या नवरीच्या वाट्यास काय काय येई ते वर्तमानपत्रात विस्ताराने लिहिण्याजोगे नाही.

कायदा जाणणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. कोणास त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबविणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमान्वये गुन्हाच होता. म्हणजे गुन्हा ठरविण्यास नवा कायदा नको होता. नको तितका दूर होता तो कायदा अमलात आणणारा अधिकारी, आणि तो फिरतीवर आलाच तर उतरे जमीनदाराच्याच बंगल्यात. पुस्तकातले कलम आणि रानातली वहिवाट यांतील हे अंतर गोदावरीबाईंनी पायी चालून पाहिले. पाडोपाडी हिंडावे, वारल्यांच्या झोपडीत निजावे, त्यांच्यातली कांजी-भाकरी खावी, असा त्यांचा क्रम होता.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून अवघे दहापंधरा वारली तेथे आले. त्यांतील माह्या धांगडा हा सभेत उभा राहून बोलला. धन्यासमोर ज्याने मान वर केली नव्हती अशा समाजातील माणसाने हजारोंपुढे आपली हकीकत सांगावी, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे चारच महिन्यांनी, २३ मे रोजी, तलासरीनजीक झरी येथे पाच हजारांवर आदिवासी जमले. ठराव साधा झाला: रोजी बारा आणे रोख मिळाल्यावाचून धन्याच्या शेतावर काम करावयाचे नाही, वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही. ठराव झाले ते बाईंच्या हुकुमाने नव्हे. राबणाऱ्यांनीच ते केले आणि राबणाऱ्यांनीच पाळले. मिरवणुकी धन्यांच्या दारी गेल्या आणि लग्नगडी बाहेर पडून आपापल्या पाड्यास परतले. कर्जाच्या वह्या तशाच राहिल्या, पण त्यांचा धाक गेला. वारली बाईंना गोदूराणी म्हणू लागले.

मग गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही मागणी पुढे झाली आणि काम थांबले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी, बाई सभेस येणार आहेत अशी खोटीच वार्ता पसरून तलवाड्यास मोठा जमाव झाला. त्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चार जण मारले गेले.

परकी सरकार होते म्हणून असे घडले, असे म्हणण्याची सोय पुढच्या वर्षाने ठेविली नाही. १९४६ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. खेरांनी स्वतः याच जिल्ह्यात आदिवासींच्या सेवेचे काम उभे केलेले, त्यांच्या कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप होताच गोदावरीबाईंस ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीस पुन्हा गोळी चालली. आदिवासींस सेवा देण्यास आपले पुढारी तयार होते. आदिवासींनी मजुरी मागणे मात्र त्यांस रुचले नाही. राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या आम्हा मंडळींस हे लिहिताना सुख होत नाही.

१९४८ चा कुळकायदा, राज्यघटनेचे वेठबिगारीस बंदी घालणारे २३ वे कलम, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा, हे सर्व झरीच्या मागाहून आले. शेवटचा तर एकतीस वर्षांनी. दरम्यान १९६० च्या विभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरी महाराष्ट्रात राहिली. शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर गेले आणि १९६५ साली स्थानबद्धतेतच वारले. बाई काम करीत राहिल्या. या लढ्याची हकीकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली; त्यास १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ८ ऑक्टोबर १९९६ रोजी निवर्तल्या. तलासरीच्या महाविद्यालयास दोघांचे नाव आहे, आणि दर १० ऑक्टोबरला जेठ्या गांगड व त्याच्या सोबत्यांचा हुतात्मा दिन त्या मुलखात पाळला जातो.