न्यायमूर्ति रानडे यांचा विद्याव्यासंग

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्याच प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनी इतिहासाचा असा व्यासंग केला कीं, दृष्टि अधू झाली. एका निबंधांत त्यांनी इंग्रजी अमलापेक्षां मराठेशाहीस झुकतें माप दिलें. प्रिन्सिपॉल ग्रँटसाहेबांनी कानउघाडणी करून त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. शिष्यवृत्ति थांबली, अभ्यास थांबला नाहीं. १८६४ साली ते एम. ए. झाले, १९०० साली मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे : ज्ञातिबांधवांनी मुलांस सनावळी अवश्य पाठ करवावी, परंतु अभ्यासाअंती बनलेलें मत निर्भयपणें मांडण्यासहि शिकवावें.