केडगावच्या माळावर रमाबाईंचे गाव

कामोठे - सिडकोच्या नोडमध्ये राहणाऱ्याला 'वसाहत' म्हटले की सेक्टर, सोसायटी आणि पाण्याची वेळ आठवते. येथे माणसे आली ती घरासाठी आणि नोकरीच्या सोयीसाठी. अमेरिकेच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या पहिल्या वसाहतींचे कारण निराळे होते. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्यांपैकी अनेक जण आणि १६३० मध्ये बॉस्टन वसविणारे प्युरिटन हे इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी पटेना म्हणून समुद्र ओलांडून गेले होते. श्रद्धेपायी घरदार सोडून उजाड जमिनीवर नवे गाव वसविण्याचा असा प्रयोग महाराष्ट्रातही झाला. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव हे त्याचे ठिकाण आणि पंडिता रमाबाई ही तो करणारी एकटी विधवा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला होता आणि धर्ममार्तंडांचा रोष पत्करून ते रानात आश्रम बांधून राहिले होते. म्हणजे मतभेदासाठी वस्ती सोडण्याचा वारसा घरातलाच. आलेल्या-गेलेल्याच्या आतिथ्यात आश्रम खर्चात बुडाला आणि रमाबाई तान्ही असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे देशभर हिंडले. सत्तरच्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि बहीण अशी तिघे गेली. उरलेल्या भावाबरोबर मैलोन्मैल पायी चालत रमाबाई १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पती पटकीने वारले. हाती होती ती एक वर्षाचीही न झालेली मनोरमा.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. सुधारकांना त्यांच्या रूपाने हवी तशी विदुषी मिळाली होती. पण पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संतापाची लाट उसळली. बाई इंग्रजांच्या धर्माला मिळाल्या, एवढाच अर्थ बहुतेकांनी घेतला.

प्रत्यक्षात इंग्रजांच्या चर्चशीही त्यांचे फार काळ जमले नाही, आणि त्यांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून दीर्घ पत्रव्यवहार झाला. बायबल मान्य, पण बिशपने सांगितले म्हणून एखादे मत स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. मठातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असाही त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. ज्या चर्चशी न पटल्याने प्युरिटन जहाजात बसले होते, त्याच चर्चशी अडीचशे वर्षांनंतर एका मराठी पंडितेने वाद मांडला होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तेथेच निघाले. त्या वर्षअखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरविण्याचे तिने मान्य केले. शाळेत धर्मप्रसार होणार नाही, ही अट होती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, तर सहकारी इतर पंथांचे. याच बॉस्टनच्या राज्यकर्त्यांनी १६३५ मध्ये रॉजर विल्यम्स यांना मतभेदासाठी हद्दपारीची शिक्षा दिली होती आणि १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर बाईला फाशी दिले होते. धर्मस्वातंत्र्यासाठी आलेल्यांनी ते स्वतःपुरतेच राखले होते. अटीतली सहिष्णुता या शहराने फार मोठी किंमत मोजून शिकलेली होती.

ती अट पाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पुण्यात पेटला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि ज्या मुली येऊन बसत त्यांना उठवीत नसत. आपल्या घरात दार लावून प्रार्थना का करावी, हे त्यांचे म्हणणे होते. कोवळ्या वयाच्या, आश्रित मुलींसमोर उघडे दार म्हणजेच आमंत्रण, हे विरोधकांचे. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे आज वाटते. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातील गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाला या वादाची पार्श्वभूमी होती.

बॉस्टनची दहा वर्षे संपल्यावर शाळा कशावर चालणार, या विचाराने रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. फळबाग करावी, विहिरी खणाव्यात, उत्पन्न यावे, एवढाच बेत. १८९६-९७ च्या दुष्काळाने तो बदलला. स्वतःचे आईवडील उपासमारीत गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळावर नेण्यावाचून इलाज नव्हता. आधी तंबू आणि झोपड्या, मग दगडी इमारती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

हे मुक्ती सदन म्हणजे खरोखरच एक गाव होते. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना, सारे काही बायकाच चालवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन; तेथे मनोरमेने ब्रेल शिकविले. त्या काळच्या हिंदुस्थानात एवढी मोठी वस्ती बायकांच्या कारभाराखाली चालणे ही गोष्ट अपूर्वच होती.

पण शारदा सदनाची ती अट येथे नव्हती. केडगाव ही उघडपणे ख्रिस्ती वसाहत होती. दुष्काळातून आलेल्या मुलींपैकी बहुसंख्य ख्रिस्ती झाल्या. १९०५ मधील प्रार्थनेच्या लाटेत तर शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थनेत बुडाल्या. ज्या बाईने बिशपांना मत लादू दिले नाही, तिच्या अन्नावर जगणाऱ्या मुलीला नाही म्हणण्याची कितपत सोय होती? हा प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या संस्थापकांना विचारला जातो, तसा रमाबाईंनाही विचारायला हवा. त्याचबरोबर हेही खरे, की या मुलींना दारात घेण्यासाठी तेव्हा फारशी माणसे पुढे येत नव्हती.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुन्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून त्यांनी साधी मराठी वापरली. संस्कृतवर अधिकार असलेल्या पंडितेने ती जाणून बाजूला ठेवली. जुलै १९२१ मध्ये कामात उजवा हात असलेली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले. त्या छापखान्यातील खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतल्याच मुली करीत.