कै. डॉ. भाऊ दाजी लाड : विद्वत्ता आणि व्यवहार

सारस्वत ज्ञातीला ललामभूत झालेल्या पुरुषांत डॉ. भाऊ दाजी यांचे नाव अग्रभागी आहे. गोव्यातील मांद्रे येथे सामान्य स्थितीतील घरात ते जन्मले. मुंबईस येऊन ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि 1851 साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. शिलालेख, नाणी व कालिदासाचा काळ यांविषयी त्यांनी संशोधन केले. पुराव्यावाचून एखाद्या राजाचा शकही न स्वीकारणारा असा हा चिकित्सक पुरुष होता.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या पेढ्या, नव्या कंपन्या रोज निघू लागल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. पुढील मुदतीचे सौदे पदरी रक्कम नसतानाही होत. शेजाऱ्याला नफा झाला, एवढाच पुरावा लोकांस पुरेसा वाटे. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, कापूस उतरला आणि 1 जुलैच्या मुदतीस शेकडो घरे बुडाली. बॅक बेचा भाग दोन हजारांच्याही खाली आला. या सट्ट्यात भाऊंनीही आपली मोठी मिळकत गमावली.

एवढ्या बुद्धिमान पुरुषावर हा प्रसंग यावा, यातच आपणांस बोध आहे. मोह बुद्धीला विचारून येत नाही. त्याला आवर घालते ती आधीपासून अंगी बाणलेली सवय. संसाराचा व मुलांच्या शिक्षणाचा पैसा वेगळा ठेवावा. कर्जाने सौदा करू नये. किती तोटा सोसावयाचा, हे खरेदीपूर्वीच वहीत लिहावे व ती मर्यादा येताच बाहेर पडावे. गेलेला पैसा त्याच दिवशी परत मिळविण्याची ईर्षा सर्वांत घातक. तेव्हा काही दिवस हात आवरून बसावे. नफ्याच्या सौद्याचेही कारण लिहावे, म्हणजे दैवाने दिलेले व विचाराने मिळविलेले यांतील भेद कळतो.

आपल्या मसुऱ्यातील भरतगडाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. फोंड सावंतांनी डोंगरावर आधी खोल विहीर खणविली, पाणी लागल्याची खात्री केली आणि मगच तट बांधला. आज हातातील फोनवर क्षणात भाग घेता-विकता येतात. म्हणून आधी विहीर, मग गड, हा क्रम आपल्या तरुणांनी अधिकच जपावा.

भाऊंचे धन गेले. व्रत गेले नाही. कडू कवठाच्या तेलाने महारोग्यांवर उपचार करण्याचे त्यांचे प्रयत्न पुढेही चालू राहिले. 1869 व 1871 साली ते मुंबईचे नगरपाल झाले. 31 मे 1874 रोजी त्यांचे देहावसान झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास 1975 साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची ज्ञाननिष्ठा आपण शिरोधार्य मानावी आणि त्यांना सोसाव्या लागलेल्या हानीतून आपापल्या घरची शिस्त घडवावी, हीच त्यांच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.