कॅनडाच्या प्रत्येक पुड्यावर फ्रेंच का असतं? त्याची सुरुवात एका संपादकाच्या अग्रलेखाने झाली होती

कॅनडाला जायचं म्हणून फ्रेंचचा क्लास लावणारी मुलं आज पुण्या-मुंबईत सहज सापडतात. इंग्रजी येत असताना फ्रेंच कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. पीआरसाठी पॉइंट मिळतात. २०२३ पासून तर फ्रेंच येणाऱ्यांसाठी कॅनडा वेगळे ड्रॉ काढतोय. तिथे पोहोचलेल्यांना दुसरं आश्चर्य किराणा दुकानात भेटतं. कॉर्नफ्लेक्सचा डबा असो की दुधाची पिशवी, सगळं इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. टोरांटोत आसपास कोणी फ्रेंच बोलताना दिसत नाही, तरीही.

हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला आपल्याच देशाच्या राजधानीत सरकारी काम आपल्या भाषेत होईल याची खात्री नसायची. हे चित्र बदलण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो ना पंतप्रधान होता ना मंत्री. तो एक पत्रकार होता.

नाव आंद्रे लोरांदो.

जन्म झाला आणि त्याच वर्षी शाळेतून फ्रेंच हद्दपार

लोरांदोचा जन्म २१ मार्च १९१२ चा, माँट्रियलचा. वडील आर्थर लोरांदो संगीत शिकवायचे. घरात पियानो, पुस्तकं आणि फ्रेंच कॅनडाच्या राजकारणाच्या गप्पा.

त्याच वर्षी शेजारच्या ओंटारिओ प्रांताने रेग्युलेशन १७ नावाचा नियम काढला. त्यानुसार शाळेत पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायला बंदी आली. मॅनिटोबाने तर १८९० सालीच फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून घेतला होता.

म्हणजे १८६७ साली कॅनडा बनला तेव्हा राज्यघटनेने फ्रेंचला जागा दिली होती, पण ती मोजकीच. केंद्राच्या संसदेत, केंद्राच्या कोर्टात आणि क्युबेकमध्ये. सरकारी कचेरी, पोस्टाची खिडकी, रेल्वे, नोकरी याबद्दल घटना गप्प होती. पोस्टाच्या तिकिटांवर दोन्ही भाषा यायला १९२७ साल उजाडलं. नोटांचं तर अजून भारी. १९३५ साली कॅनडाच्या बँकेने इंग्रजी नोटा वेगळ्या आणि फ्रेंच नोटा वेगळ्या छापल्या. एकाच नोटेवर दोन्ही भाषा आल्या त्या १९३७ च्या मालिकेत.

तापलेलं डोकं आणि एक मोठी चूक

कॉलेजात असताना १९३२ मध्ये लोरांदो आणि मित्रांनी जन-कॅनडा नावाची तरुणांची संघटना काढली. केंद्र सरकार माँट्रियलसारख्या फ्रेंच शहरात फ्रेंचचा एक शब्दही न येणारे अधिकारी नेमतं, हा त्यांचा राग होता.

राग रास्त होता. पण तो काळ १९३० च्या दशकाचा होता. १९३३ साली या संघटनेच्या एका सभेत ज्यूंविरुद्ध गरळ ओकली गेली आणि बोलणाऱ्यांमध्ये लोरांदोही होता. पुढे ही गोष्ट त्याला आयुष्यभर टोचत राहिली. तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याने स्वतःच एका मासिकात त्याबद्दल लिहून जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

मधल्या काळात त्याला बदलवलं ते पॅरिसने. १९३५ ते १९३७ तो तिथे शिकला. युरोपात फॅसिझम कसा वाढतोय हे त्याने जवळून पाहिलं. परत आला तेव्हा भाषेवरचं प्रेम तसंच होतं, पण दुसऱ्याचा द्वेष करून आपली भाषा जगत नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

एका मतदानाने देश दोन तुकड्यांत दिसला

दुसरं महायुद्ध सुरू झालं. पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी क्युबेकला शब्द दिला होता की परदेशात लढायला कोणालाही सक्तीने पाठवणार नाही. १९४२ साली त्यांना या शब्दातून सुटका हवी होती. त्यांनी देशभर जनमत घेतलं.

इथे मेख अशी होती की वचन दिलं होतं क्युबेकला आणि ते मोडायची परवानगी मागितली अख्ख्या देशाला.

नाहीच्या बाजूने प्रचार करणाऱ्या संघटनेचा सचिव होता लोरांदो. सरकारी रेडिओने त्यांना वेळ दिला नाही. तरी २७ एप्रिल १९४२ ला क्युबेकमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. उरलेल्या कॅनडात जवळपास ८० टक्के लोकांनी हो म्हटलं. एका देशात दोन समाज राहतात आणि आकड्यांत मोठा असलेला समाज ठरवेल तेच होतं, हा धडा लोरांदो त्या दिवशी शिकला.

या लाटेवर तो १९४४ साली क्युबेकच्या विधानसभेत निवडूनही आला. पण राजकारणात तो रमला नाही. १९४७ मध्ये पक्षाचं नेतेपद सोडलं आणि ल दव्वार या माँट्रियलच्या पेपरात रुजू झाला. खप छोटा, वजन मोठं, असा हा पेपर. तिथेच तो पुढे मुख्य संपादक झाला.

पेपर, टीव्ही आणि घोड्याचा उच्चार

१९५० च्या दशकात क्युबेकवर मॉरिस द्युप्लेसी यांची एकहाती सत्ता होती. १९५८ मध्ये द्युप्लेसींनी ल दव्वारच्या वार्ताहराला पत्रकार परिषदेतून बाहेर काढलं. एरवी पत्रकारितेच्या स्वातंत्र्यावर भरभरून लिहिणारे माँट्रियलचे इंग्रजी पेपर गप्प बसले. लोरांदोने त्यावर लिहिलेला लेख क्युबेकमध्ये आजही शिकवला जातो. वसाहतींमध्ये ब्रिटिश जसे स्थानिक राजाला गादीवर ठेवायचे आणि आपला धंदा सुरक्षित असेपर्यंत त्याच्या मनमानीकडे डोळेझाक करायचे, तसंच इथे चाललंय, असा त्याचा मुद्दा. संस्थानिक आणि ब्रिटिश रेसिडेंट यांचं नातं ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण लोरांदो फक्त इंग्रजांवर बोट दाखवत नव्हता. १९५९ मध्ये त्याने एक छोटा स्तंभ लिहिला. विषय होता, आपली शाळकरी पोरं फ्रेंच कसं बोलतात. फ्रेंचमध्ये घोड्याला शव्हाल म्हणतात, माँट्रियलच्या गल्लीत त्याचं जुआल झालं होतं. मग त्या सगळ्या बोलीलाच जुआल हे नाव पडलं. या स्तंभाला एका शिक्षकाने उत्तर पाठवलं, त्यातून वाद पेटला आणि १९६० मध्ये त्या शिक्षकाचं पुस्तक आलं. त्याच्या एक लाखाहून जास्त प्रती खपल्या.

वाद प्रमाण भाषा की बोली, एवढाच नव्हता. ज्या भाषेत मोठी नोकरी मिळत नाही, कारखान्यातला साहेब बोलत नाही, मशीनवरची सूचना लिहिलेली नसते, ती भाषा घरात तरी धड कशी राहील, हा खरा प्रश्न होता.

याच काळात लोरांदो टीव्हीवरही दिसायचा. रेडिओ-कॅनडावर तो प्रवासाचा कार्यक्रम सादर करायचा. अग्रलेख न वाचणाऱ्या घरांतही त्याचा चेहरा ओळखीचा झाला.

हॉटेलचं नाव, सरकारी चेक आणि तो अग्रलेख

माँट्रियल बहुसंख्य फ्रेंच भाषकांचं शहर, पण पैसा इंग्रजी बोलायचा. सरकारी रेल्वे कंपनीने तिथे मोठं हॉटेल बांधलं आणि त्याला क्वीन एलिझाबेथ हे नाव दिलं. फ्रेंच नाव द्या म्हणून दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. नाव बदललं नाही.

संसदेत भाषणांचा ताबडतोब अनुवाद ऐकायची सोय १९५९ मध्ये झाली. म्हणजे तोवर ९० हून जास्त वर्षं फ्रेंच खासदार फ्रेंचमध्ये बोलला तर समोरच्या बहुतेकांना काही कळतच नव्हतं. १९६२ च्या सुरुवातीला पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांनी सरकारी चेक दोन्ही भाषांत छापायचं ठरवलं.

लोरांदोला हे तुकडे नको होते. आज तिकीट, उद्या नोट, परवा चेक. २० जानेवारी १९६२ ला त्याने ल दव्वारमध्ये अग्रलेख लिहिला. हे किरकोळ तुकडे फेकणं थांबवा, एक शाही आयोग नेमा आणि देशाला नक्की किती आणि कशी द्विभाषिकता हवी आहे ते एकदाच शोधून काढा, अशी मागणी केली.

डिफेनबेकर यांनी नकार दिला. पण त्याच वर्षाच्या शेवटी त्याच सरकारी रेल्वेचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना विचारलं गेलं की तुमच्या उपाध्यक्षांमध्ये एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. बढती लायकीवर मिळते, असं त्यांच्या उत्तराचं सार होतं. क्युबेकने त्याचा अर्थ आम्ही नालायक असा घेतला. विद्यार्थी रस्त्यावर आले, गॉर्डन यांचा पुतळा जाळला गेला.

विरोधी पक्षनेते लेस्टर पिअर्सन यांनी संधी ओळखली आणि आयोगाची कल्पना उचलली. १९६३ मध्ये ते पंतप्रधान झाले. जुलैमध्ये दहा सदस्यांचा आयोग नेमला आणि त्याचं अध्यक्षपद दोघांना दिलं. इंग्रजीकडून डेव्हिडसन डंटन, फ्रेंचकडून लोरांदो. लोक त्याला बी अँड बी कमिशन म्हणू लागले. योगायोग म्हणजे त्याच १९६३ मध्ये आपल्याकडे हिंदीसोबत इंग्रजी चालू ठेवणारा राजभाषा कायदा आला होता.

देशभर फिरला, दोन्हीकडून ऐकून घेतलं

१९६३ हे क्युबेकमध्ये बॉम्ब फुटण्याचं वर्ष होतं. वेगळा देश हवा म्हणणाऱ्या एका गटाने टपालपेट्यांत स्फोटकं ठेवायला सुरुवात केली होती. अशा वातावरणात आयोगाने १९६४ मध्ये देशभर लोकांच्या बैठका घेतल्या.

पश्चिमेच्या प्रांतांत लोक विचारायचे, आमच्या गावात फ्रेंच बोलणारं कोणी नाही, युक्रेनियन आणि जर्मन मात्र भरपूर आहेत, मग फ्रेंचचेच लाड का? काहींना खात्री होती की सरकार आता प्रत्येकाच्या गळी फ्रेंच उतरवणार. क्युबेकमध्ये उलट. तिथल्या तरुणांना लोरांदो म्हणजे ओटावाने विकत घेतलेला माणूस वाटत होता.

या काळात तो डायरी लिहायचा. ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९९० मध्ये, छापली गेली. त्यातून कळतं की इंग्रजी कॅनडात फिरताना तिथलं अज्ञान बघून त्याच्याही मनात वेगळं व्हावं असं येऊन जायचं. आणि माँट्रियलला परतून फुटीरतावाद्यांशी बोललं की ते विचार पुन्हा थंड व्हायचे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये आयोगाने प्राथमिक अहवाल दिला. कॅनडा आपल्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या संकटातून जातोय आणि त्याला त्याची पुरती जाणीवच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाच्या अभ्यासातून पुढे जे आकडे आले त्यांनी तर झोप उडवली. १९६१ च्या जनगणनेनुसार क्युबेकमधल्या १४ वांशिक गटांत उत्पन्नाच्या बाबतीत फ्रेंच कॅनेडियन बाराव्या नंबरवर होते. स्वतःच्याच प्रांतात.

डिसेंबर १९६७ मध्ये मुख्य अहवालाचा पहिला खंड आला. त्यात एक गैरसमज खोडून काढला होता. द्विभाषिक देश म्हणजे प्रत्येक नागरिकाला दोन भाषा आल्या पाहिजेत असं नाही. उलट, सरकारने दोन भाषा बोलायच्या, म्हणजे नागरिकाला एकाच भाषेत निवांत जगता येईल. भाषा शिकायचं ओझं खिडकीच्या आतल्या माणसावर, बाहेरच्यावर नाही.

कायदा आला, तो नव्हता

मे १९६८ मध्ये ओटावात आयोगाचं काम चालू असतानाच लोरांदोच्या मेंदूत रक्तस्राव झाला. १ जून १९६८ ला तो गेला. वय ५६.

पुढच्या वर्षी, पियर ट्रुडो पंतप्रधान असताना, संसदेने अधिकृत भाषा कायदा मंजूर केला. ७ सप्टेंबर १९६९ ला तो लागू झाला. केंद्र सरकारशी इंग्रजी किंवा फ्रेंच, कोणत्याही भाषेत व्यवहार करायचा हक्क मिळाला, भाषा आयुक्ताचं पद आलं. न्यू ब्रन्सविक प्रांत द्विभाषिक झाला आणि आजही तो एकमेव आहे. ओंटारिओनेही तसं करावं अशी आयोगाची शिफारस होती, ते झालं नाही. १९७४ मध्ये वस्तूंच्या लेबलांचे नियम आले आणि फ्रेंच थेट नाश्त्याच्या टेबलावर पोहोचलं. पश्चिमेकडच्या लोकांसाठी कॉर्नफ्लेक्सचा डबा ही चिडण्याची हक्काची गोष्ट झाली.

पण लोरांदोला हवं ते एवढंच नव्हतं. दोन समाज बरोबरीने राहायचे तर सत्तेची वाटणी कशी असावी, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. तो गेल्यावर आयोगाला त्यावर एकमत करता आलं नाही आणि १९७१ मध्ये काम संपवलं गेलं. त्याच वर्षी ट्रुडोंनी दोन संस्कृतींऐवजी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं. क्युबेकने मग आपला मार्ग घेतला. १९७७ मध्ये बिल १०१ आणून नोकरी, पाट्या आणि स्थलांतरितांच्या मुलांची शाळा फ्रेंच केली. माँट्रियलचं रूप बदललं ते मुख्यतः या कायद्याने.

आज हिशोब मांडला तर? १९६१ मध्ये कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणारे १२ टक्के होते, २०२१ मध्ये १८ टक्के. पण ही वाढ मुख्यतः क्युबेकची. तिथे ४६ टक्क्यांहून जास्त लोकांना दोन्ही भाषा येतात, बाकीच्या कॅनडात जेमतेम साडेनऊ टक्के लोकांना. म्हणजे दुसरी भाषा शिकायचं ओझं अजूनही जास्त करून फ्रेंच माणूसच उचलतोय.

पासपोर्टपासून विमानातल्या सूचनेपर्यंत फ्रेंचला आज जी जागा आहे तिच्यामागे तो १९६२ चा अग्रलेख आहे. बरोबरीचा जो प्रश्न लोरांदो मागे ठेवून गेला त्यावर मात्र क्युबेकमध्ये १९८० आणि १९९५ असं दोनदा सार्वमत झालं. दोन्ही वेळा क्युबेक कॅनडातच राहिला, दुसऱ्यांदा तर एक टक्क्याहून थोड्या जास्त फरकाने.