विद्युतघटाचा जनक : अलेस्सांद्रो व्होल्टा

मोबाइल फोन असो वा मोटारगाडी, बॅटरीवाचून आज आपले पान हलत नाही. या बॅटरीच्या पहिल्या रूपाचा निर्माता एक श्रद्धावंत कॅथलिक होता, याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

उत्तर इटलीतील कोमो नगरात १८ फेब्रुवारी १७४५ रोजी अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म झाला. त्यांचे वडील तरुणपणी काही वर्षे येशूसंघात होते. काका आणि भाऊ यांच्यापैकीही अनेकांनी धर्मगुरुपद स्वीकारले होते. चार वर्षांचे होईपर्यंत अलेस्सांद्रो बोलत नसत, म्हणून घरचे चिंतेत होते. पुढे येशूसंघीयांच्या शाळेत त्यांची बुद्धी झळाळून उठली. १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराकाठच्या दलदलीतून निघणाऱ्या ज्वालाग्राही मिथेन वायूचा शोध त्यांनी लावला. त्यानंतर ते पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१७९१ मध्ये बोलोन्याचे लुईजी गॅल्व्हानी यांनी जाहीर केले, की मृत बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो थरथरतो आणि ही वीज प्राण्याच्या शरीरातच असते. व्होल्टांनी आधी या शोधाचे कौतुक केले; परंतु स्वतः प्रयोग केल्यावर, वीज दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून उपजते, असे त्यांचे मत झाले. दोघांमधील वाद मोठा गाजला. गॅल्व्हानी हेही श्रद्धावंत कॅथलिक होते. नव्या राजवटीच्या निष्ठेची शपथ सदसद्विवेकाला पटेना, म्हणून त्यांनी प्राध्यापकपद गमावले आणि १७९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी व्होल्टांनी चांदी व जस्त यांच्या चकत्यांच्या जोड्या एकावर एक रचल्या आणि जोड्यांच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. त्यातून अखंड वीजप्रवाह वाहू लागला. २० मार्च १८०० रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने हा शोध कळविला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नेपोलियनने हा प्रयोग पाहून त्यांचा गौरव केला.

तथापि, व्होल्टांचे स्पष्टीकरण अपुरे होते. मिठाचे पाणी ही केवळ वाट आहे, असे ते मानीत. प्रत्यक्षात धातू आणि हे द्रावण, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, यांच्यातील रासायनिक क्रियेतूनच वीज मिळते, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. दुसरीकडे सजीवांच्या शरीरात वीज असते, हे गॅल्व्हानींचे म्हणणेही खरे ठरले. दोघांच्याही हाती सत्याचा एकेक अंश लागला होता.

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा भारित करता येणारी बॅटरी बनविली. लिथियम आयन बॅटरीसाठी तीन संशोधकांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे क्षार सेंद्रिय द्रवात विरघळविलेले असतात. तो द्रव पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्या जागी सुरक्षित घन पदार्थ शोधण्याचे काम चालू आहे. व्होल्टांना जी केवळ वाट वाटली, तिथेच आज संशोधकांची दृष्टी खिळली आहे.

१८१४ मध्ये तरुण मुलगा फ्लामिनिओ यास मृत्यूने हिरावून नेले. त्यानंतर काही महिन्यांतच कॅनन चिचेरी या धर्मगुरूंनी व्होल्टांकडे एक विनंती केली. विज्ञानापुढे धर्म टिकत नाही, असे मानणारा एक मरणासन्न मनुष्य व्होल्टांच्या श्रद्धेविषयी साशंक होता. जानेवारी १८१५ मध्ये व्होल्टांनी लेखी उत्तर दिले. आपल्या आचरणात उणिवा असतील, पण कॅथलिक श्रद्धा आपण कधीही सोडलेली नाही. ती देवाची देणगी असून शुभवर्तमानाची आपणांस लाज वाटत नाही, असा त्याचा आशय होता.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा देवाघरी गेले. १८८१ मध्ये विद्युतदाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव मिळाले. विज्ञान शिकणारी आपली मुले श्रद्धेविषयी प्रश्न विचारू लागतात, तेव्हा आपण घाबरून जातो. अशा वेळी त्यांना गप्प न करता व्होल्टा आणि गॅल्व्हानी यांची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटते.